नवी गाडी ८५ ते १०० च्या दरम्यान थरथरते: दोष चाकाचा, एक्सलचा की इंजिनाचा?

मराठवाडी_चालक
हॅचबॅक, १.२ लिटर तीन सिलिंडर पेट्रोल, पाच गिअर मॅन्युअल. टायर १९५/५५ आर १६, कंपनीचेच अलॉय. गाडी १४०० किमी चालली आहे.

८५ ला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू होते, ९० ते ९५ ला सगळ्यात जास्त असते, १०० च्या पुढे उतरत जाते. समृद्धीवर ११५ ला जवळजवळ जाणवत नाही. सीटला फारसं काही नाही. ब्रेक दाबल्यावर वाढत नाही, गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा बॅलन्सिंग आणि एकदा अलाइनमेंट झालं. पावतीवर चारही चाकांसमोर शून्य आहे. ॲडव्हायजर म्हणतात, तीन सिलिंडरच्या गाडीत एवढं असतंच. हे खरं की खोटं ते पुराव्यानिशी कसं ठरवायचं? कोणत्या क्रमाने तपासू?

हवा_३३
सगळ्यात आधी हवा, तीही सकाळी टायर थंड असताना. कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या टायरमध्ये यार्डात उभं राहण्यासाठी हवा मुद्दाम जास्त भरलेली असते. डिलिव्हरीच्या आधी ती दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे उतरवायची असते आणि हेच काम बऱ्याचदा राहून जातं. ३३ च्या जागी ४२ असेल तर टायर दगडासारखा होतो आणि एरवी लपणारी थरथर हातात येते.

टायरच्या बाजूवर लंबगोलातले चार आकडेही वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. टायर आणि तुमची डिलिव्हरी यांत आठ-दहा महिन्यांचं अंतर असेल तर गाडी बराच काळ एका जागी उभी होती असं समजा. टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा झालेला असू शकतो. असा तात्पुरता चपटेपणा १५-२० किमी चालवून टायर गरम झाला की जातो. तुमची थरथर पहिल्या दहा किलोमीटरला आणि शंभराव्या किलोमीटरला सारखीच असेल तर ते कारण मागे पडलं.

मराठवाडी_चालक
हवा ३३ च आहे, आज पुन्हा पाहिली. टायर गाडीच्या डिलिव्हरीपेक्षा पाच महिने जुने. थरथर दोन तास सलग चालवूनही तेवढीच.

दहाचा_पाना
मग तीन चाचण्या करा. खर्च शून्य, अर्धा तास पुरतो. रस्ता मोकळा, सपाट आणि शक्यतो डांबरी हवा. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात, ९० च्या वेगात ते सेकंदाला पाच-साडेपाच वेळा चाकाखाली येतात. शिवाय पृष्ठभागावर आडव्या रेघा असतात, त्यांचा घूं आवाज वेगळाच. समृद्धी किंवा एक्सप्रेसवेवर चाचणी घेतली की निम्मा गोंधळ रस्त्याचाच असतो.

पहिली: ९० ला पाचवा गिअर, मग त्याच ९० ला चौथा. इंजिनाचे फेरे बदलले, चाकाचे तेवढेच राहिले. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष.

दुसरी: ९५ ला जाऊन क्लच दाबा, न्यूट्रल करा आणि गाडी ८० पर्यंत आपसूक उतरू द्या. इंजिन चालूच हवं. बंद केलं तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते. उतारावर किंवा रहदारीत हे अजिबात करू नका. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलच्या भानगडीत न पडता नुसता पाय काढा. न्यूट्रलमध्येही थरथर तीच असेल तर दोष चाक, टायर, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) किंवा ब्रेकच्या डिस्कमध्ये. न्यूट्रल करताच गायब झाली तर एक्सल किंवा इंजिनाचे माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार).

तिसरी: उभ्या गाडीत, न्यूट्रलला, ९० च्या वेगात जेवढे फेरे असतात तेवढे (तुमचे पाचव्यात साधारण २४०० असतील) ठेवून स्टिअरिंगवर हात ठेवा. इथे थरथर आली तर ॲडव्हायजर बरोबर. आली नाही तर तीन सिलिंडरचा मुद्दा संपला.

कोथरूडकर७
अलाइनमेंट दुसरीकडे करून पाहा. माझ्या मते टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडला असणार.

दहाचा_पाना
टो बिघडला की स्टिअरिंग सरळ बसत नाही, टायर एका कडेने झिजतो. तो ठरावीक वेगालाच थरथर देत नाही. टायर वाकडातिकडा झिजल्यावर हादरे येतात, पण ते हजारो किलोमीटरनंतर. १४०० किमीला अलाइनमेंटवर पैसे घालवू नका. सर्व्हिस सेंटरला ते करायला आवडतं, कारण मशिनवर लावलं की हिरवे आकडे दाखवता येतात.

सुकाणू
ठरावीक वेगालाच का, हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा. तो समजला की 'मग ११५ ला का थांबते?' या प्रश्नाने कोणी तुम्हाला गप्प करू शकणार नाही.

१९५/५५ आर १६ टायरचा व्यास सुमारे ६२१ मिमी, परीघ १.९५ मीटर. गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून एका फेरीत गाडी प्रत्यक्षात १.८९ मीटरच्या आसपास पुढे जाते. ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर. २५ भागिले १.८९, म्हणजे चाक सेकंदाला १३.२ फेरे घेतं. ८० ला ११.८, १०० ला १४.७, ११० ला १६.२.

चाक, हब आणि ब्रेक मिळून सस्पेन्शनखाली जो भार लोंबकळतो त्याची स्वतःची वरखाली हलण्याची लय बहुतेक कारमध्ये सेकंदाला १० ते १५ च्या घरात असते. झोक्याला त्याच्या लयीत धक्का दिला की झोका उंच जातो, तसं इथे होतं. चाकातला दोष ६० लाही आहे आणि ११५ लाही आहे, पण धक्क्याची लय झोक्याच्या लयीशी ९०-९५ ला जुळते. पुढे गेल्यावर ती सुटते, दोष मात्र चाकातच राहतो.

दोष किती मोठा? रिमच्या कडेला, केंद्रापासून २० सेमीवर ३० ग्रॅम जास्तीचं वजन असेल तर १०० च्या वेगाला ते सुमारे ५ किलोच्या जोराने चाकाला ओढतं, आणि ही ओढ प्रत्येक फेरीत एकदा दिशा फिरवते. ६० ला तोच जोर दोन किलोही भरत नाही, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो.

आता इंजिन. २४०० फेऱ्यांना ते सेकंदाला ४० वेळा फिरतं, तीन सिलिंडरमध्ये एका फेरीला दीड स्फोट, म्हणजे सेकंदाला ६० ठोके. १३ आणि ६० यांत बोटांनाही फरक कळतो. १३ ची थरथर स्टिअरिंग डोळ्यांना हलताना दाखवते. ६० ची झिणझिण हाताला मुंग्या आणते, आरसा धूसर करते.

फोनने मोजा. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप आहे, त्यात त्वरणाचा स्पेक्ट्रम दाखवणारा प्रयोग आहे, म्हणजे सेकंदाला किती वेळा येणारी थरथर किती जोराची आहे त्याचा आलेख; जोराच्या जागी शिखर दिसतं. फोन होल्डरमध्ये ठेवू नका, होल्डर स्वतःच थरथरतो. स्टिअरिंग कॉलमच्या कव्हरवर दुतर्फी चिकटपट्टीने घट्ट बसवा, दुसरं माप सीटच्या पायाजवळ. ॲप शेजारी बसलेल्याने हाताळायचं. वेग जीपीएसचा लिहा, कारण काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. एका वेगावर किमान १० सेकंद स्थिर राहा. फोन सेकंदाला २०० नोंदी घेत असेल तर सेकंदाला १०० च्या वरची थरथर त्याला खरी दिसत नाही, पण चाकासाठी तेवढं भरपूर झालं.

मराठवाडी_चालक
सगळं केलं. पैठण रस्त्याचा डांबरी पट्टा, दोन माणसं, एसी बंद.

काटा ९४, जीपीएस ९०. पाचव्या गिअरला शिखर १३.२ ला. चौथ्यालाही १३.२. न्यूट्रलमध्ये १३.१. जीपीएस ८० ला शिखर ११.८ ला सरकलं, उंची तिसऱ्या हिश्श्याएवढी. उभ्या गाडीत २४०० फेऱ्यांना स्टिअरिंग शांत, तिथे १३ जवळ काहीच नाही.

एक विचित्र गोष्ट: सरळ रस्त्यावर थरथर दहा-पंधरा सेकंद जोरात, मग मंद, पुन्हा जोरात अशी येते. लांब वळण घेतलं की तिचा जोर बदललेला असतो.

सुकाणू
मग इंजिन सुटलं. प्रत्येक फेरीला एकदा येणारा दोष आहे, तोही पुढच्या चाकात, कारण हातात येतो. मागचा असता तर सीट आणि फरशी हलली असती.

चढउताराचं कारण पुढची दोन चाकं. दोन्हींत थोडाथोडा दोष असला आणि दोन्ही किंचित वेगळ्या वेगाने फिरत असली की कधी दोघांचे धक्के एकत्र येतात, कधी एकमेकांना मारतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि मांडणी बदलते. म्हणूनच तंत्रज्ञासोबतच्या पाच मिनिटांच्या चक्करीत कधीकधी 'काहीच नाही' असं दिसतं. किमान १५ मिनिटं चालवा आणि मध्ये दोन-तीन वळणं येऊ द्या.

एक विचारतो: ४५-५० ला बारीक काही जाणवतं का? टायर अंडाकृती असेल तर एका फेरीत दोन धक्के देतो, आणि मग तीच लय निम्म्या वेगाला जुळते.

मराठवाडी_चालक
४५-५० ला काही नाही.

दहाचा_पाना
मग कोणतं चाक ते शोधा. फक्त डावी बाजू घ्या: पुढचं डावं मागे, मागचं डावं पुढे. बाजू तीच राहत असल्याने एका दिशेचे टायर असले तरी चालतं. पुन्हा तोच रस्ता. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर मूळचं पुढचं डावं चाक दोषी. काहीच बदललं नाही तर उजवी बाजू तशीच फिरवा. सगळी चाकं बदलूनही थरथर पुढेच राहिली तर दोष चाकात नसून हबमध्ये, डिस्कमध्ये किंवा एक्सलमध्ये आहे.

स्टेपनी लावून बघायचा मोह टाळा. नव्या गाड्यांत ती बहुधा लहान मापाची असते आणि बारीक तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा छापलेली असते.

चाक काढलंच आहे तर हबचं तोंड तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे रंगाचा गोळा, गंज किंवा मातीचा कण अडकला तर चाक तिरकं बसतं. नट आधी हाताने, मग चांदणीच्या क्रमाने समोरासमोर, चाक हवेत असताना थोडे आणि जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्याने पूर्ण. बहुतेक लहान गाड्यांना १०० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. हवेच्या बंदुकीने धाडधाड आवळलेले नट ही हब आणि डिस्क वाकवण्याची सोपी रीत आहे.

रबरीनाणं
बॅलन्सिंगच्या शून्यावर माझा आक्षेप आहे, तो सविस्तर लिहितो.

मशिन फक्त एवढं सांगतं की चाक मशिनच्या दांड्यावर जसं बसलं आहे तसं ते संतुलित आहे. गाडीच्या हबवर ते तसंच बसेल याची हमी मशिन देत नाही. अलॉयसह चाकाचं वजन १८ किलो धरा. दांड्यावर ते केंद्रापासून फक्त ०.१ मिमी सरकून बसलं तर रिमच्या कडेला सुमारे ९ ग्रॅमची खोटी चूक दिसते. ०.३ मिमी सरकलं तर २७ ग्रॅम. मुलगा ती खोटी चूक वजनं लावून पुसतो, पावतीवर शून्य येतं, आणि खरी चूक तयार होऊन गाडीवर जाते.

हे पकडण्याची चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती तुमच्यासमोर करायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चाक शून्यावर आलं की मशिनचा नट सैल करायचा, चाक दांड्यावर अर्धी फेरी फिरवायचं, पुन्हा आवळायचं आणि फिरवून पाहायचं. ५ ग्रॅमपर्यंत फरक चालतो. १० च्या वर गेला तर चाक बसवण्यातच गोम आहे. कारणं ठरलेली: चुकीच्या मापाचा कोन (चाक दांड्यावर मध्यात बसवणारा शंकू), झिजलेला कोन, रिमच्या मागच्या तोंडावरचा चिखल, मशिनचा वाकलेला दांडा. अलॉयला कोन मागच्या बाजूने, हब जिथे बसतो तिथून लावावा. उत्तम म्हणजे नटांच्या भोकांत बसणारी बोटांची प्लेट, पण ती फार थोड्या दुकानांत असते. फोन करून विचारूनच जा.

आणखी दोन गोष्टी. बरीच मशिनं ५ ग्रॅमखालचं शून्यच दाखवतात, तर बारीक मापाचं बटण दाबायला सांगा. आणि एका बाजूला ६० ग्रॅमच्या वर वजन मागत असेल तर वजनं चिकटवत बसू नका. टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा मोजा. नव्या टायरवर पिवळा ठिपका दिसला तर ती हलकी जागा, तो व्हॉल्व्हपाशी हवा. लाल ठिपका म्हणजे टायरची उंच किंवा कडक जागा, ती रिमच्या खोल जागेच्या खुणेवर बसवतात.

मराठवाडी_चालक
डावी बाजू बदलली, थरथर सरळ सीटमध्ये गेली. म्हणजे मूळचं पुढचं डावं. ते चाक बोटांची प्लेट असलेल्या दुकानात नेलं. जुन्या वजनांसह बाहेरच्या बाजूला ३० ग्रॅम चूक निघाली, पावती शून्याची असूनही. वजनं नव्याने लावली, अर्धी फेरी फिरवून पुन्हा मोजलं, फरक ५ च्या आत. चाक परत पुढे डावीकडे लावून गाडी चालवली. थरथर साधारण निम्मी झाली, गेली नाही. शिखर अजून १३ लाच.

रबरीनाणं
उरलेलं निम्मं गोलाईत आहे. संतुलित अंडंही घरंगळताना उडतंच.

दगड किंवा ठोकळे लावून गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर काम करू नका. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. टायरच्या मधल्या पट्ट्यापाशी जमिनीवर विटेला बांधलेला स्क्रू ड्रायव्हर उभा करा, टोक टायरपासून २ मिमीवर. चाक हाताने हळू फिरवा आणि फट कुठे कमी-जास्त होते ते खडूने खुणा करून पाहा. एक मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतो. नेमका आकडा हवा तर डायल गेज (मिलिमीटरचे बारीक भाग काट्याने दाखवणारं माप). मग तेच रिमच्या कडेला करा. ढोबळ मर्यादा: टायरची उंची-खोली (सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागेतला फरक) १ ते १.५ मिमी, अलॉय रिमची ०.३ ते ०.५. अंतिम शब्द कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा.

फरक टायरला आहे आणि रिमला नाही, तर टायर बदलायचा. दोघांनाही थोडा आहे, तर टायर रिमवर असा फिरवायचा की एकाची उंच जागा दुसऱ्याच्या खोल जागेवर येईल. रिमला जास्त आहे, तर खड्डा. नव्या गाडीतही पहिल्याच आठवड्यात खड्डा लागू शकतो. तेव्हा टायरच्या आतल्या बाजूलाही फुगा आलेला नाही ना, हे हात फिरवून बघा. फुगा असेल तर वेगाने चालवणं त्या क्षणी थांबवा.

टायर वरून गोल दिसूनही एका जागी कडक असू शकतो. ते फक्त रोलरने टायर दाबून मोजणाऱ्या रोड फोर्स मशिनवर कळतं. आपल्याकडे ती कमी आहेत, पण मोठ्या शहरांत मिळतात.

घाटमाथा
इथे वाचणाऱ्या इतरांसाठी, ज्यांची लक्षणं वेगळी आहेत.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलतं: डिस्क. ती सगळीकडे सारख्या जाडीची नसते तेव्हा पेडलही पायाखाली धडकतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबातला फरकही जाणवतो, म्हणून व्हर्नियरने मोजू नका, मायक्रोमीटर लागतो. डिस्क बदलण्याआधी हबचं तोंड साफ आहे का ते पाहा.

फक्त ॲक्सिलरेटर दाबताना, विशेषतः चढावर किंवा गाडी भरलेली असताना पुढून डुगडुग, पाय काढला की बंद: आतल्या बाजूचा एक्सल जॉइंट. त्याला तीन रोलर असतात, त्यामुळे एका फेरीला तीन धक्के. फोनवर ९० ला शिखर ४० जवळ येईल. इलेक्ट्रिक गाडीत जोर पहिल्या क्षणापासून मिळत असल्याने हे लवकर लक्षात येतं.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी, थरथर फरशीतून, आणि न्यूट्रलमध्येही कायम: प्रोपेलर शाफ्टही (मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) पाहा. डिफरन्शियलचा रेशो ४.१ असेल तर तो चाकाच्या ४.१ पट फिरतो. यूजे क्रॉस (शाफ्टचा सांधा), मधलं बेअरिंग आणि शाफ्टवरून सुटलेलं वजन तपासा.

घूं असा आवाज, वेगाबरोबर चढणारा, डावीकडे वळताना वाढणारा: उजवं चाकाचं बेअरिंग, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो.

बाहेरून घेतलेले अलॉय: मधलं भोक हबपेक्षा मोठं असतं. हब ५४.१ मिमीचा आणि अलॉयचं भोक ७३.१ चं असेल तर त्या दोन मापांची रिंग बसवायलाच हवी. नाहीतर चाक फक्त नटांवर केंद्रात येतं, आणि ते येईलच असं नाही.

मराठवाडी_चालक
डायल गेजने मोजलं. रिम ०.२ मिमी. टायर १.८ मिमी. तिथेच टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा मोजला, उंच जागा टायरसोबत फिरली. टायरच.

हवा_३३
आता कागद. टायरची वॉरंटी सहसा गाडीच्या कंपनीची नसून टायर कंपनीची असते. डीलरने क्लेम पुढे पाठवायचा, टायर कंपनीचा तपासनीस येऊन पाहतो. जॉब कार्डवर 'व्हायब्रेशन' असा एक शब्द लिहून घेऊ नका. असं लिहा: 'जीपीएस ९० किमीला स्टिअरिंगमध्ये थरथर, चौथ्या, पाचव्या गिअरमध्ये आणि न्यूट्रलमध्ये सारखीच, डावं चाक मागे नेल्यावर सीटमध्ये जाते, त्या टायरची उंची-खोली १.८ मिमी.' खाली तुमची सही, त्यांची सही, किलोमीटर. टायरचा पूर्ण क्रमांक आणि खडूच्या खुणेचा फोटो जोडा. टायर त्यांच्याकडे देताना रिमवरून काढू देऊ नका, पुरावा त्या जोडीतच असतो. डीलर हलत नसेल तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल, आणि तरीही नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मराठवाडी_चालक
असंच लिहून दिलं. सर्व्हिस मॅनेजर स्वतः २० मिनिटं गाडीत बसले. तपासनीसाने गेज लावून १.७ मान्य केलं, टायर बदलून मिळाला. नव्या टायरची उंची-खोली ०.६. बॅलन्सिंग समोर उभं राहून अर्ध्या फेरीच्या चाचणीसह. जीपीएस ९० ला १३ चं शिखर आधीच्या दहाव्या हिश्श्यावर आलं, स्टिअरिंग स्थिर. सर्वांचे मनापासून आभार.

नव्या टायरसाठी वेगळं काही सांभाळायचं का?

दहाचा_पाना
५० ते १०० किमी झाले की नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, अलॉयला हे गरजेचं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं नकोत, टायरवरचा साच्याचा तेलकट थर जायचा असतो. ५००० किमीला चाकं पुढे-मागे कराल तेव्हा अर्ध्या फेरीची चाचणी चारही चाकांना करून घ्या. बाकीच्या तीन चाकांसमोरचं पावतीवरचं शून्यही सर्व्हिस सेंटरच्या त्याच मशिनवरचं आहे.